१०८, बंब, पूर आणि घाट: कामावरचा ताण हाताळायचा कसा? (सातारा-सांगली)

माहुलीकर (धागाकर्ता)

पावसाळ्याच्या तोंडावर हा धागा काढतोय. १०८ रुग्णवाहिकेवरचे डॉक्टर आणि पायलट (चालक), अग्निशमन दलाचे जवान, कॅज्युअल्टीतल्या सिस्टर-ब्रदर, पोलीस, घाटात दोर लावून उतरणारे ट्रेकर, पुरात बोट चालवणारे ही सगळी माणसं आपल्या दोन जिल्ह्यांत एकाच घटनेवर एकत्र येतात, पण ताणाबद्दल एकमेकांशी बोलत नाहीत. बोललीच तर "मन घट्ट कर, सवय होईल" याच्या पुढे बोलणं जात नाही. सवय कामाची होते. ताण साठत जातो, आणि साठलेला ताण आधी हातात दिसतो: शीर सापडत नाही, गाठ चुकते, पत्ता दोनदा विचारावा लागतो.

एक विनंती. रुग्णांची नावं, गावं, फोटो इथे नकोत. स्वतःवर गुदरलेल्या प्रसंगांच्या हकिकतीही नकोत. पद्धत लिहा: काय करायचं, किती वेळ, कुठे चुकतं, का चुकतं.

सुरुवात मी करतो, कॉल आल्यापासून जागेवर पोचेपर्यंतच्या वेळेची.

कॉल वाजला की अ‍ॅड्रेनलिन चढतं. नजर अरुंद होते, आजूबाजूचं कमी ऐकू येतं, वेळेचा अंदाज जातो आणि बोटांची बारीक कामं बिघडतात. हे घाबरटपणाचं लक्षण नाही, शरीर तसंच बनलंय. म्हणून बारीक कामं शांत वेळेत उरकून ठेवायची. टेपच्या पट्ट्या कापून बॅगेच्या झाकणाला आतून चिकटवलेल्या, कॅन्युला (शिरेत घालायच्या नळ्या) साइजप्रमाणे लावलेल्या, सक्शन (घशातलं रक्त-थुंकी ओढून काढणारं यंत्र) चालू करून बघितलेलं, ऑक्सिजन सिलेंडरचं प्रेशर ड्युटी घेतानाच वहीत लिहिलेलं. ग्लोव्हज गाडीतच चढवायचे. घामेजल्या हातावर जागेवर गेल्यावर ते चढत नाहीत आणि तिथेच पहिली चिडचिड सुरू होते.

वाटेत श्वास. नाकाने ४ मोजत आत, तोंडाने ६ ते ८ मोजत बाहेर, पाच-सहा वेळा, बस्स. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. चूक होते ती ही, की लोक भराभर मोठे श्वास घेतात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं आणि माणूस आणखी घाबरतो.

तिसरं म्हणजे पत्ता. "खंबाटकीत अपघात" एवढ्यावर निघायचं नाही. घाटात की बोगद्याच्या बाजूला, पुण्याकडे तोंड की कोल्हापूरकडे, जवळचा किलोमीटरचा दगड किंवा ढाबा कोणता, जखमी किती, आग-गॅस-विजेची तार काही आहे का. दुभाजक पलीकडे राहिला तर वळसा घालण्यात जाणारी मिनिटं गाडीतल्या दोघांनाही खातात, आणि त्या केसचं काही बरंवाईट झालं तर तीच मिनिटं पुढे कित्येक रात्री डोक्यात फिरत राहतात. नीट विचारलेला पत्ता हा ताणावरचा उपाय आहे, हे लिहायला साधं वाटतं, पण यासारखा दुसरा नाही.

पायलट_कराड

दादा, गाडी चालवणाऱ्याच्या बाजूने लिहितो.

जागेवरचा पहिला ताण जखमेचा नसतो, गर्दीचा असतो. पोचलं की दाराशी पंधरा-वीस जण, "उचला, आधी उचला". गर्दीला "मागं व्हा" म्हटलं की ती पुढे येते. त्यापेक्षा कामं वाटायची, बोट दाखवून आणि कपड्यावरून हाक मारून: "निळा शर्ट, दादा, हा टॉर्च इथे धरा." "तुम्ही दोघं मागं शंभर पावलांवर जाऊन गाड्या हळू करायला लावा." "मावशी, यांच्या बायकोला घेऊन तिकडं कडेला बसा." हातात काम आलं की माणूस ओरडायचा थांबतो. सगळ्यात मोठा आवाज ज्याचा, त्यालाच पहिलं काम द्या. बहुतेक वेळा तो जवळचा नातेवाईक असतो नाहीतर ज्याचं गाव ऐकतं असा कोणी.

गाडी अपघाताच्या अलीकडे, तिरकी, पुढची चाकं रस्त्याच्या बाहेरच्या दिशेला वळवून, सगळे दिवे चालू. गळीत हंगामात रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर बिनारिफ्लेक्टरचे फिरतात. मागून कोण येऊन धडकेल याची धास्ती डॉक्टरच्या पाठीवर बसलेली असते. पायलटने मागे लक्ष ठेवायचं आणि ते मोठ्याने सांगायचं: "मॅडम, मागची बाजू माझ्याकडं." एवढ्या एका वाक्याने समोरच्याचे हात स्थिर होतात.

पेशंट सोडून आल्यावर गाडी धुण्याचं काम एकट्यावर टाकू नका, दोघांनी मिळून करा. रक्तावर आधी कागद किंवा जुना कपडा टाकून ते शोषून घ्यायचं, मग १ टक्का हायपोक्लोराइट ओतून दहा मिनिटं तसंच ठेवायचं, मग पुसून साध्या पाण्याने धुवायचं. दारं सताड उघडी. घाईत वरवर पुसलं की वास स्ट्रेचरच्या रुळात आणि सीटबेल्टच्या पट्टीत राहतो, आणि पुढच्या कॉलला दार उघडताच मागची केस समोर येते. पट्ट्या वेगळ्या काढून भिजवा. बॅग भरून झाली की नियंत्रण कक्षाला "गाडी तयार" कळवायचं. दहा मिनिटं लवकर तयार दाखवण्याचा मोह असतो, तो टाळा. ती दहा मिनिटं पाणी, लघवी आणि तोंड धुण्याची आहेत.

बंबवाला_सांगली

आमच्याकडे ताण थेट हवेत मोजता येतो, म्हणून आकडे देतो.

बीए सेटचा (धुरात श्वास घ्यायला पाठीवर लावतो ते यंत्र) ६ लिटरचा सिलेंडर ३०० बार दाबाला भरला तर साधारण १,८०० लिटर हवा. काम करताना मिनिटाला ४० लिटर धरतात, म्हणजे ४५ मिनिटं. हवा कमी झाल्याची शिट्टी ५०-५५ बारला वाजते, तेवढी हवा बाहेर पडण्यासाठी राखीव, म्हणून हातात उरतात ३७ मिनिटांच्या आसपास. हे कागदावर. घाबरलेला माणूस मिनिटाला ८० लिटर सहज ओढतो. तेव्हा राखीव सोडून उरलेली तीच हवा १८-१९ मिनिटांत संपते. "सिलेंडर कमी भरला होता" अशी तक्रार येते तेव्हा कितीदा तरी सिलेंडर पूर्ण भरलेला असतो, श्वास दुप्पट झालेला असतो.

करायचं काय? आत नेहमी दोघं. दर चार-पाच मिनिटांनी दोघांनी आपापलं प्रेशर मोठ्याने सांगायचं आणि ज्याचं कमी त्याच्या आकड्यावर दोघांनी परतायचं. जोडीदार वॉकीटॉकीवर तुटक आणि चढ्या आवाजात बोलायला लागला, मास्कच्या पट्ट्यांशी चाळा करायला लागला, तर त्याला थांबवा: एक गुडघा जमिनीला, एक हात भिंतीला किंवा होजला (पाण्याच्या पाइपला), तीन लांब उच्छ्वास, मग आकडा विचारा. आकडा वाचायला लावलं की डोकं परत जागेवर येतं. आकडा सांगता आला नाही तर चर्चा नाही, बाहेर.

आपल्या भागातल्या मोठ्या आगींत भीतीपेक्षा थकवा जास्त मारतो. साखर कारखान्याच्या बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) ढिगाला लागलेली आग वरून विझलेली दिसते आणि आत धुमसत राहते. ढीग उपसत उपसत पाणी मारावं लागतं, आणि ते काम एका पाळीत संपत नाही. हळदीच्या, बेदाण्याच्या गोदामात धूर दाट. कोल्ड स्टोरेजला अमोनियाची शंका आली तर बीए सेटशिवाय दारही उघडायचं नाही. अशा कामात दोन सिलेंडर झाले की किमान २० मिनिटं सक्तीची विश्रांती. "मी अजून ठीक आहे" हे ऐकून घ्यायचं नाही, कारण ठीक नसलेलाही तेच म्हणतो. कोट पूर्ण काढायचा, नुसती बटणं उघडून भागत नाही. गार पाण्याच्या बादलीत दोन्ही हात कोपरापर्यंत दहा-पंधरा मिनिटं बुडवून बसायचं. हाताच्या रक्तवाहिन्यांतून अंगातली उष्णता झपाट्याने उतरते. एक पाकीट ओआरएस एक लिटर पाण्यात, अर्ध्या लिटरात नाही, आणि घोट घोट. गटागट प्यायलं की उलटी होते.

उष्णतेने तापलेला माणूस चिडतो, भांडतो, हुकूम ऐकत नाही. त्याला बेशिस्त ठरवण्याआधी बादलीपाशी बसवा.

निशिगंध_मिरज

बंबवाले अण्णा, बादलीचं कॅज्युअल्टीत नाही जमायचं, पण नाइटबद्दल लिहिते. ताणावर पहिलं औषध झोप आहे आणि आपल्याकडे तीच सगळ्यात आधी कापली जाते.

पहाटे दोन ते पाच या वेळात शरीर सगळ्यात मंद असतं, कितीही अनुभव असो. डोसचं दशांश चिन्ह, रक्तगटाची पिशवी, अ‍ॅलर्जीची नोंद या गोष्टी त्या वेळात दुसऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायच्या. जमलं तर एक-दीडच्या सुमारास आळीपाळीने २० मिनिटं आडवं व्हायचं. गजर लावून, २० मिनिटंच. ४०-५० मिनिटं झोपलात की गाढ झोपेतून उठावं लागतं आणि पुढचा अर्धा तास डोकं जड राहतं, त्यातच पेशंट आला तर पंचाईत.

चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. सकाळी नऊला झोपायचं असेल तर शेवटचा चहा तीन-साडेतीनचा. सहाचा "नाइट संपली" चहा सगळ्यांना प्रिय, पण दिवसभराची झोप तोच पातळ करतो. रात्रीचं जेवण ड्युटीला जाण्याआधी, मग मध्ये केळं, शेंगदाणे, ताक असं काहीतरी. वडापाव आणि भजी रात्री दोनला खाल्ली की पहाटे आम्लपित्त, आणि छातीत जळजळ झाली की माणूस उगाच घाबरतो.

घरी जाताना दुचाकीवर डुलकी हा खरा धोका आहे. सांगली-मिरज रस्ता छोटा वाटतो, पण डुलकीला तीन सेकंद पुरतात. डोळे जड असतील तर निघण्याआधी पंधरा मिनिटं ड्युटी रूमच्या खुर्चीत. अपघातापेक्षा ते स्वस्त. घरी खोली अंधारी, मोबाइल बाहेर, आणि दाराला "दुपारी तीनपर्यंत उठवू नका" असा कागद. सासरच्या मंडळींना एकदा समजावून सांगितलं की ते पाळतात. न सांगता अपेक्षा धरली की भांडण होतं.

दारूबद्दलही लिहायला हवं, कोणी लिहिलं नाही. "दोन पेग घेतले की झोप लागते" हे खरं आहे. लागते, आणि उत्तररात्री मोडते, स्वप्नं वाढतात, सकाळी हात थरथरतात. झोपेसाठी घेतली जाणारी दारू आठवड्यातून तीन-चार दिवसांवर गेली असेल तर ती सवय ड्युटीने लावलीय असं समजून मदत घ्या. लाज वाटून घेण्याचं कारण नाही.

त्रिपुटी

एकदम पाच-दहा जखमी असतील तेव्हाचं कोणी लिहील का? तिथे कोणाला आधी घ्यायचं यातच माणूस मोडतो.

निशिगंध_मिरज

त्यासाठी रंगांच्या पट्ट्यांची पद्धत आहे (लाल आधी, पिवळा त्यानंतर, हिरवा थांबू शकतो, काळा म्हणजे वाचण्याची आशा नाही), आणि ती जितकी पेशंटसाठी तितकीच आपल्यासाठी आहे. पहिल्या गाडीने उपचार सुरू करायचे नसतात, मोजायचं असतं. एकेकाला अर्धा-एक मिनिट. "चालता येतंय त्यांनी त्या झाडाखाली या" म्हणायचं, आले ते हिरवे. बाकीच्यांत श्वास नाही, हनुवटी वर करूनही नाही, तो काळा. श्वास मिनिटाला ३० च्या वर, लाल. नख दाबून सोडल्यावर रंग परत यायला दोन सेकंदांहून जास्त, लाल. "माझा हात दाबा" म्हटल्यावर दाबत नाही, लाल. उरले ते पिवळे. मोठं रक्त वाहत असेल तर दाबपट्टी बांधायची, बाकी काही करायला थांबायचं नाही.

काळी पट्टी बांधणं सगळ्यात जड जातं. पण तो निर्णय तुम्ही त्या क्षणी मनाने घेत नाही, आधी ठरलेल्या नियमाने घेता. नियम नसेल तर जो जास्त ओरडतो त्याला आधी उचललं जातं आणि गप्प पडलेला राहून जातो, आणि ते नंतर आयुष्यभर टोचतं. वाई तालुक्यात मांढरदेवीला २००५ च्या जानेवारीत चेंगराचेंगरी झाली होती, शेकडो माणसं गेली. इतकी गर्दी जिथे भरते तिथे या पट्ट्यांचा सराव दर जत्रेआधी व्हायला हवा, फक्त प्रशिक्षणाच्या दिवशी नाही.

सीपीआरचंही (छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) तसंच. मिनिटाला १०० ते १२० दाब, ५-६ सेंटिमीटर खोल, आणि दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. बदललं नाही की दाब उथळ होतात आणि नंतर "मीच कमी पडलो" असं वाटत राहतं. बदलायच्या वेळा लिहिलेल्या असतील तर ते वाटणं पुष्कळ कमी होतं.

घाटवाट

दरीतून मृतदेह काढणाऱ्यांसाठी काही गोष्टी.

खाली शक्यतो कमीत कमी माणसं उतरवा, आणि मृतदेह पाहण्याची गरज फक्त त्यांनाच असू द्या. वरच्या दोरवाल्यांना, कडेवरच्या माणसाला ते दिसायची गरज नाही. खालीच पिशवीत घेऊन चेन पूर्ण लावायची, मग स्ट्रेचरला बांधायचं. नव्या पोराला पहिल्या वेळी वरचा अँकर (दोर पक्का बांधलेली जागा) सांभाळायला ठेवा.

चेहऱ्याकडे, हातातल्या बांगड्यांकडे, पाकिटातल्या फोटोकडे बघत राहू नका. ओळख पटवणं पोलिसांचं काम. त्यातही मोबाइल. खिशातला फोन वाजत राहतो आणि पडद्यावर "आई" किंवा "घर" असं येतं. यासारखं डोक्यात रुतणारं दुसरं काही नाही. फोन हाती लागताच न बघता पालथा करून पिशवीत टाकायचा आणि पंचनाम्याच्या अंमलदाराकडे द्यायचा. बंद करायचा नाही, उचलायचा तर मुळीच नाही.

वासासाठी नाकाखाली व्हिक्स किंवा कापूर लावतात, आमच्यात ही जुनी रीत. मी विरोधात आहे. मेंथॉलने नाक मोकळं वाटतं, वास काही जात नाही. आणि मेंदू दोन्ही वास एकत्र बांधून ठेवतो. मग घरी आरतीला कापूर पेटला की दरी आठवते. चांगला मास्क, तोंडाने श्वास, वाऱ्याकडे पाठ, आणि वीस मिनिटांनी माणूस बदलणं, हे जास्त उपयोगी. "बॉडीने रोगराई पसरते" या भीतीनेही लोक खचतात. दुर्घटनेत गेलेल्या निरोगी माणसांच्या मृतदेहांमुळे साथ पसरत नाही. ग्लोव्हज, बूट आणि साबणाने हात धुणं पुरतं.

जुलै २०२१ ला पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या तेव्हा वाटा तुटलेल्या, पाऊस चालू आणि नातेवाईक समोरच. अशा ठिकाणी खणणाऱ्यांच्या पाळ्या अर्ध्या तासाच्या ठेवा आणि नातेवाइकांशी बोलायला एकच माणूस नेमा, ज्याच्या हातात फावडं नाही. खणणाऱ्याला दर पाच मिनिटांनी "सापडलं का?" विचारलं जात असेल तर तो अर्ध्या तासातच संपतो.

नवीन_भरती

सर, ताई, एक विचारायचं होतं. पहिल्या मोठ्या केसनंतर तेच तेच डोळ्यांसमोर येणं, झोप उडणं किती दिवस साहजिक समजायचं? आणि मोहीम संपली की सगळ्यांना गोलात बसवून "काय वाटलं ते सांगा" म्हणतात, ते गरजेचं आहे का? काहींना त्याने जास्तच त्रास होतो.

मनदीप_सातारा

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिले काही दिवस दृश्यं परत येणं, दचकणं, भूक मरणं, चिडचिड, विनाकारण रडू येणं हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं दोन-चार आठवड्यांत आपोआप ओसरतं. वेड लागत नाही. महिना उलटूनही तेच चालू असेल, त्या रस्त्याने जाणं टाळलं जात असेल, घरच्यांशी अंतर पडत असेल, तर तो पीटीएसडी (आघातानंतर टिकून राहणारा मानसिक त्रास) असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसोबत आठवणींवर काम) या दोन्ही बोलण्याच्या उपचारपद्धती आहेत, जन्मभराच्या गोळ्या नव्हेत. महिना थांबायचं नाही अशा गोष्टी: मरणाचे विचार, रोजची दारू, गाडी चालवताना भान हरपणं, सलग तीन-चार रात्री अजिबात झोप नसणं.

गोलात बसवण्याबद्दल. १९८० च्या दशकात अमेरिकेतून ही पद्धत पसरली: घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सगळ्यांना भावना बोलायला लावणं. नंतर अभ्यासांतून दिसलं की त्याने पीटीएसडी टळत नाही, काहींचं बिघडूही शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचना तसं करू नका असंच सांगतात. आणि पहिल्या महिन्यात झोपेसाठी अल्प्राझोलामसारख्या गोळ्या सरसकट देऊ नका असंही. मेडिकलमधून मित्राच्या चिठ्ठीवर घेतलेली पट्टी म्हणून धोक्याची.

त्याऐवजी मानसिक प्रथमोपचार. पाहा, ऐका, जोडून द्या. पाहा: कोण गप्प झालाय, कोण थरथरतोय, कोणी खाल्लेलं नाही. ऐका: तो बोलला तर, खोदून विचारायचं नाही, "विसरून जा" म्हणायचं नाही, आपली याहून भयंकर केस सांगायची नाही. जोडून द्या: घरी फोन लावून द्या, उद्याची ड्युटी बदलून द्या, पुढची मदत कुठे मिळते ते सांगा. टेली-मानस हेल्पलाइन १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार ओपीडी असते, केसपेपर काढून थेट जाता येतं.

घाटवाट

मनदीप सर, इथे मी थोडा वेगळा. मोहिमेनंतर आमची मंडळी एकत्र बसतातच, आणि त्याचा फायदा होतो. ते बंद करा म्हणताय का?

मनदीप_सातारा

नाही घाटवाट, ते जरूर चालू ठेवा. फरक विषयात आहे. दोर कुठे घासला, निरोप कुठे अडकला, किती वाजता काय ठरलं, पुढच्या वेळी काय बदलायचं, ही कामाची बैठक झाली. ती आधी जेवण, कोरडे कपडे, मग पंधरा-वीस मिनिटं. "तू का सोडलंस?" असा प्रश्न आला की थांबवायचं, "तिथे काय दिसत होतं?" असं विचारायचं. त्या ओघात कोणी मनातलं बोललं तर ऐकायचं, गप्प राहिला तर राहू द्यायचं. सक्ती नको आणि "आता सगळे मोकळे झालो" असं जाहीर करणं नको. खरी विचारपूस तिसऱ्या दिवशी आणि दोन आठवड्यांनी, एकेकट्याला, चहावर.

कृष्णाकाठ

पूरड्युटीचा ताण निराळा, कारण तो दिवसेंदिवस चालतो. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका पातळी. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पाणी चढताना सगळे जोशात असतात. माणसं मोडतात ती उतरताना, चौथ्या-पाचव्या दिवशी.

आमच्याकडचा सगळ्यात मोठा भार "नाही" म्हणण्याचा. बोट भरली, तरी काठावरून लेकरं पुढे करतात. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली, त्यानंतर तरी हे सगळ्यांना कळलंय. क्षमता बोटीच्या दोन्ही बाजूंना मोठ्या अक्षरात रंगवून ठेवा आणि जॅकेट तितकीच ठेवा. मग "जॅकेट संपलं, माणूस नाही" एवढंच सांगायचं. नियम बोटीवर लिहिलेला असला की भांडण बोटीशी होतं, नावाड्याशी नाही. "परत येतो" म्हणायचं असेल तर काय भरोसा आहे ते बघून म्हणा. न पाळता आलेला शब्द नावाड्याला पूर ओसरल्यावरही सोडत नाही. जनावरांना सोडून यायला लोक तयार नसतात. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्धा तास घालवू नका. दावी सोडायला सांगा, उंचवटा दाखवा, पुढच्या फेरीची वेळ खरी सांगा.

दुसरं कोणी बोलत नाही ते हे, की इथे बचाव करणाऱ्याचं स्वतःचं घरही पाण्यात असतं. पाळी लावताना पहिला प्रश्न तोच विचारा: "घरची माणसं कुठे आहेत?" ती सुरक्षित जागी पोचेपर्यंत त्याला बोटीवर पाठवू नका, त्याचं चित्त तिथे नसतं. दर फेरीनंतर एक फोन करायला मिळालाच पाहिजे. बारा तासांवर पाळी नको. पायांत कोरडे मोजे, बोटांच्या बेचक्या रोज पुसून बघा. लेप्टोस्पायरोसिसच्या (दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लीनची गोळी आरोग्य केंद्रात विचारून घ्या, आपल्या मनाने नको.

बीट_अंमलदार

मृत्यूची बातमी घरी सांगणं हा आमच्या वाट्याचा ताण. आपल्याकडची पद्धत म्हणजे फोन करून "सिरियस आहे, लगेच या". हेतू चांगला असतो, पण मग चार माणसं रात्री गाडी काढून सुसाट निघतात, आणि सांगणाऱ्याला पुढचे दोन तास खोटं सांभाळावं लागतं. शक्य असेल तिथे त्यांच्या हद्दीतल्या ठाण्यामार्फत माणूस घरी पाठवा, दोघं जण, एक महिला अंमलदार असेल तर उत्तम.

आधी नातं पक्कं करा. दारात उभं राहून सांगू नका, आत जाऊन सगळ्यांना बसवा. घरातला एखादा धीराचा माणूस किंवा शेजारी बोलावून घ्या. मग सरळ: "वाईट बातमी आहे. महामार्गावर अपघात झाला. त्यात तुमचे भाऊ वारले." "वाचू शकले नाहीत", "आता आपल्यात नाहीत" असं गोलगोल बोललं की लोक पुन्हा विचारतात आणि तेच वाक्य तीनदा उच्चारावं लागतं. सांगून झालं की गप्प बसा. आक्रोश होतो, कधी अंगावर धावून येतात. ते तुमच्यावर नसतं. पाणी द्या. पुढे काय ते कागदावर लिहून द्या: कुठल्या रुग्णालयात, शवविच्छेदन कधी, कोणाला भेटायचं, सोबत कुठली कागदपत्रं. तोंडी सांगितलेलं त्या वेळी डोक्यात शिरत नाही. एकाच अंमलदाराला आठवड्यात दोनदा हे काम लावू नये, हे ठाण्यातल्या वरिष्ठांनी बघावं.

माहुलीकर

सगळ्यांचं मनापासून वाचलं. वरिष्ठांच्या कामाचं अंमलदार साहेबांनी काढलंच आहे, तर थोडं तिथे. लहान मुलाची केस झालेल्या क्रूला त्याच पाळीत पुन्हा लहान मुलाची केस देऊ नका, जवळ दुसरी गाडी असेल तर. दुसऱ्या दिवशी फोन करून दोनच प्रश्न: जेवलास का, झोप लागली का. उत्तर टाळलं तर प्रत्यक्ष भेटा. रजा मागणाऱ्याला चारचौघांत "एवढ्यानं काय होतंय" म्हणू नका. ते ऐकून बाकीचे पाच जण आयुष्यात कधी मागत नाहीत.

सावली_इस्लामपूर

मी या क्षेत्रात नाही, घरात आहेत. घरच्यांनी काय करावं?

निशिगंध_मिरज

ताई, आल्या आल्या "काय झालं?" विचारू नका. "आधी आंघोळ की जेवण?" विचारा. कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची सवय ठेवा. अर्धा तास एकटं राहू द्या, टीव्हीवर अपघाताच्या बातम्या लावू नका. मुलांना "बाबा दमलेत, तुझ्यावर रागावले नाहीत" असं स्पष्ट सांगा, नाहीतर ती स्वतःला दोष देतात. बोलले तर ऐका, मध्ये सल्ला नको.

मनदीप_सातारा

त्यात एक भर. कॅलेंडरवर पेन्सिलीने खूण करत जा: रात्री किती तास झोप, किती वेळा दचकून उठले, दारू घेतली का. दोन-तीन आठवडे पुरे. ओपीडीत डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात, झोप कधीपासून बिघडली आणि किती तास होते, आणि ज्याला त्रास होतोय त्याला ते कधीच नीट सांगता येत नाही. जाताना त्या कॅलेंडरच्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा.